न केलेली सही

पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं ते किराणा दुकानात. टोमॅटोच्या डब्यांसमोर मान वर करून, छतातल्या स्पीकरकडे बघत उभे होते. अंगात जुना पण कडक इस्त्रीचा काळा कोट, गळ्याशी बो, हातात रिकामी टोपली. दुकानांत लावतात तसलं बिनशब्दांचं संगीत वरून झिरपत होतं. ते संपेपर्यंत म्हातारा जागचा हलला नाही. मग त्यांनी मॅनेजरला बोलावून घेतलं.

"हे तुम्हाला कुणी दिलं?"

"सर, ते वरून येतं."

"वरून म्हणजे कुठून?"

"कंपनीकडून. सॅटेलाइटवर."

"आणि सॅटेलाइटला कुणी दिलं?"

मॅनेजर हसला. ते हसले नाहीत. खिशातून छोटी वही काढून त्यांनी वेळ टिपली, मॅनेजरच्या छातीवरचं नाव टिपलं, आणि मग वळून मला न्याहाळलं. बहुधा मीही त्या वहीत गेले.

दोन दिवसांनी कळलं की हे आपल्या शेजारच्याच अपार्टमेंटमध्ये राहतात. २००२ साल. आम्ही नुकतेच अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला आलो होतो. नवरा मोटारींच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनला होता, मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. आठवड्यातून दोन दिवस पब्लिक लायब्ररीत फुकट काम करायचे, बाकी दिवस घर. त्यांना मी तोंडावर मिस्टर लावून आडनावानं हाक मारायचे. घरात आम्ही दोघं त्यांना 'आजोबा' म्हणायचो. वय नव्वदीच्या आसपास, बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. मूळचे व्हिएन्नाचे. मला ते 'ग्नेडिगे फ्राउ' म्हणत. तिकडच्या जुन्या रीतीनं म्हणजे आपलं 'बाईसाहेब'.

त्यांचा कशावरही विश्वास नव्हता. टपाल आलं की पाकीट आधी उजेडात धरून बघत. एका दुकानात लागोपाठ दोनदा जात नसत. बाहेर पडताना दाराच्या फटीत बारीक दोरा अडकवून ठेवत आणि परतल्यावर तो जागेवर आहे का, हे वाकून बघत. एकदा बर्फात अडकले होते म्हणून नवऱ्यानं त्यांना गाडीतून दवाखान्यात सोडलं, तर सगळा रस्ता ते मागच्या सीटची शिवण नखानं उचकटून बघत होते. उतरताना म्हणाले, "हा धागा टिकणार नाही. कोण सांगतं तुम्हाला असा वापरायला?" डेट्रॉइटच्या एका कारखान्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षं सीटची कव्हरं शिवली होती, हे तेव्हा कळलं. नवऱ्यानं कंपनीत तो तपासून घेतला. धाग्याबद्दल आजोबांचं बरोबर निघालं होतं.

कारखान्याच्या आधी काय, असं विचारलं की सांगत, "संगीतकार होतो. एक ऑपेरेटा, आणि हॉटेलांच्या ऑर्केस्ट्रासाठी चाळीसेक वॉल्ट्झ, जोडीनं नाचायच्या धुना." ऑपेरेटा म्हणजे गाण्यांनी भरलेलं हलकंफुलकं नाटक, आपल्या संगीत नाटकाच्या जवळपासचं. ते व्हिएन्नाच्या एका थिएटरात दीड वर्ष चाललं म्हणे.

नवऱ्याला काही ते पटत नव्हतं. "ऑस्ट्रियाचा माणूस, त्या वयाचा. वॉरमध्ये काय करत होता कोणास ठाऊक. एवढी भीती उगाच नसते, यार. कुणीतरी शोधत असेल त्याला."

मीही तेच म्हणत होते, मनात.

आमच्या स्वयंपाकघराची आणि त्यांच्या बसायच्या खोलीची भिंत एकच होती. सकाळी दहा ते बारा ते पियानो वाजवत. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पियानोच्या पोटात ब्लँकेट कोंबलेलं असे. तरी शेगडीमागच्या भिंतीतून तो यायचाच, कोंडलेला, लांबून आल्यासारखा. मी अमरावतीला गाण्यात विशारद केलेलं, दोन वर्षं मुलींच्या शाळेत गाणं शिकवलेलं. पोळ्या लाटताना कान तिकडेच असायचे. तीन मात्रांचा ठेका, दोनदा मोजला की सरळ दादऱ्यात बसायचा. सूर बिलावलचे, आणि मध्येच एखादा कोमल निषाद गुपचूप येऊन जायचा. हाताला सवय होती. किराण्याच्या यादीच्या वहीत, मागच्या पानांवर, मी त्या धुनांची सरगम लिहायला लागले.

तळघरात सगळ्यांची मिळून लाँड्री होती. एकदा कपडे ड्रायरमध्ये टाकताना मी त्यातलीच एक धून गुणगुणत होते. वळले तर आजोबा दारात उभे.

"ही तुम्हाला कुणी दिली?"

"भिंतीतून येते," मी म्हणाले. आणि माझा मूर्खपणा असा की त्यांना आनंद होईल असं समजून मी वर जाऊन वही आणून दाखवली.

त्यांनी एकेक पान उलटलं. "ही कुठली लिपी?"

"मराठी."

"हे वरचं टिंब?"

"वरच्या सप्तकाची खूण."

"आणि खालची रेघ?"

"तो कोमल सूर."

"म्हणजे सांकेतिक," ते म्हणाले, वही माझ्या हातात दिली आणि कपडे तसेच मशीनमध्ये सोडून निघून गेले.

चार दिवसांनी अपार्टमेंटच्या ऑफिसमधली बाई आमच्या दारात. तिला अवघडल्यासारखं झालं होतं. तक्रार आली होती की आम्ही भिंतीला कान लावून शेजाऱ्याचं ऐकतो आणि गुप्त लिपीत नोंद करतो. मी तिला वही दाखवली, गाऊनही दाखवलं. ती सॉरी म्हणून गेली. पण तेव्हा दिवस साधे नव्हते. इराकचं युद्ध तोंडावर होतं, आमच्या रंगाच्या माणसाला विमानतळावर बाजूला घेत होते, आणि आमचं ग्रीन कार्ड अडकलेलं होतं.

नवरा संध्याकाळी भडकला. "तिनं पोलिसांना कॉल केला असता तर? केस पेंडिंग आहे आपली. कोड काय, गुप्त लिपी काय! बंद कर ते लिहिणं. आणि त्या म्हाताऱ्याशी बोलणंही बंद."

बोलणं बंद करण्याआधी एकदा बोलायचंच होतं. सकाळी मी वही-पेन घेऊन त्यांच्या दारावर गेले. दार साखळीएवढंच उघडलं.

"तुम्ही वाजवा," मी म्हणाले. "कधीच कुणाला ऐकवलं नसेल असं वाजवा. मी इथे उभी राहून लिहिते आणि लगेच गाऊन दाखवते. मग हवं तर पोलिसांना बोलवा."

साखळी तशीच ठेवून ते आत वळले. मग पियानो सुरू झाला. मी लिहिलं, म्हणून दाखवलं. त्यांनी दुसरं वाजवलं, जरा वाकडं. तेही म्हटलं. तिसऱ्यात त्यांनी मध्येच एक सूर खोटा लावला. मी तोही म्हटला.

आतून आवाज आला, "हा सूर चुकीचा आहे हे कळलं नाही?"

"कळलं. पण तुम्ही वाजवलात तो लिहिला. तुमचं दुरुस्त करणारी मी कोण?"

साखळी निघाली. त्या खोलीत मी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. पियानो, एक खुर्ची, आणि भिंतीला टेकवून रचलेले स्वरलिपीच्या कागदांचे गठ्ठे. त्यांनी माझी वही पुन्हा मागितली.

"व्हिएन्नात हे कुणाला वाचता येईल?"

"कुणालाच नाही."

"अमेरिकेत?"

"शोधली तर हजारो माणसं सापडतील. पण ती तुमच्या वॉल्ट्झच्या मागे लागणार नाहीत."

त्यांनी विचार केला. "मला शिकवा," म्हणाले.

नव्वदीच्या माणसानं तीन आठवड्यांत सात अक्षरं घटवली. त्यांचा ध कायम घ सारखा यायचा. मी शाळेत मुलींना सांगायचे तसं सांगितलं, डोकं उघडं ठेवा, तर म्हणाले, "उघडं ठेवायची सवय नाही." मग ते एकेक करून सगळ्या धुना सरगमीत उतरवू लागले, आणि एक धून उतरवून झाली की तिचा जुना कागद फाडून टाकत. मी एकदा म्हटलं, ठेवा ना ते, तुमच्या तरुणपणीच्या हातचं आहे. ते म्हणाले, "कागद राहिला की माणूस येतो." मी पुढे बोलले नाही. ते बोलायला हवं होतं, हे फार उशिरा कळलं.

एका दुपारी कॉफी पिताना त्यांनी सगळं सांगितलं. आई ज्यू होती. हिटलर व्हिएन्नात शिरला त्या आठवड्यात थिएटरवाल्यांनी पोस्टरवरून त्यांचं नाव काढलं. नाटक लोकप्रिय होतं, बंद करवेना. ऑर्केस्ट्राचा कंडक्टर त्यांचा जिवलग मित्र. तो म्हणाला, सध्या माझं नाव लावू, म्हणजे नाटक जगेल. तू परत येशील तोवर मी सांभाळून ठेवतो. हे इंग्लंडमार्गे अमेरिकेत आले. आई मागे राहिली, ती गेली. युद्ध संपल्यावर यांनी मित्राला पत्र लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं: नाटक माझंच आहे, तुझी मदत झाली त्याबद्दल आभारी आहे.

"म्हणून सांगतो, बाईसाहेब," ते म्हणाले, "जो सांभाळून ठेवतो म्हणतो, त्याला दारात उभं करू नका."

मला भरून आलं. आणि तरी दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर ऑपेरेटांच्या माहितीचा जाड ग्रंथ दुसऱ्या शहरातून मागवला. तो आला. त्यात नाटकाचं नाव होतं, कंडक्टरचं होतं, त्याच्यावर पाऊण पान मजकूर होता. यांचं नाव कुठेच नव्हतं. यांनी सांगितलेलं खरं असेल तर ते नसणारच, हे मला कळत होतं. पण खोटं असेल तरीही ते नसणारच. मी ग्रंथ परत पाठवला आणि त्यांना काही सांगितलं नाही. त्यानंतर तीन वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिले, त्यांची औषधं आणली, त्यांना वरण-भात दिला. तो ते आधी मला एक घास खायला लावून मगच खात. आणि मनात कुठेतरी तो प्रश्न तसाच पडून राहिला.

२००६ च्या सप्टेंबरात ते एक पाकीट घेऊन आमच्याकडे आले. चिमट्यात धरलेलं. ऑस्ट्रियाचा स्टॅम्प.

"तुम्ही उघडा."

पत्र जर्मनमध्ये होतं, ते त्यांनीच वाचून सांगितलं. कंडक्टरच्या नातीचं होतं. तिच्या आजोबांचं, म्हणजे कंडक्टरचं, घर रिकामं करताना माळ्यावर एक पेटी सापडली, त्यात ऑपेरेटाची हस्तलिखितं, आणि ती तिच्या आजोबांच्या हातची नव्हती. चार वर्षं शोधून तिनं यांचा पत्ता काढला होता. एका लहान गावातलं थिएटर ते नाटक पुन्हा करणार होतं. यांचं नाव लावून व्हावं अशी तिची इच्छा होती. त्यासाठी ती भेटायला येणार होती.

"साठ वर्षांनी," ते म्हणाले. "का? तुम्हाला काय वाटतं?"

आमच्या इमिग्रेशनच्या वकिलानं इतक्या वर्षांत एकच गोष्ट डोक्यात भरवली होती, कशावरही सही करण्याआधी मला विचारा. मी म्हणाले, "भेटा. पण सही करू नका."

ती ऑक्टोबरात आली. पंचेचाळिशीची, शाळेत शिकवणारी, आखूड केसांची साधी बाई. आजोबा स्वतःच्या घरात कुणाला घेईनात, म्हणून भेट आमच्या बैठकीत ठरली. ते कोट घालून, बो लावून आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. तिनं फाइल उघडली. झेरॉक्स प्रती होत्या.

"मूळ कागद का नाही आणले?" मी विचारलं. विचारायचं त्यांनी, विचारलं मी.

"विमानात हरवतील म्हणून," ती म्हणाली. "घरी सांभाळून ठेवलेत."

आजोबांचा चेहरा दगडासारखा झाला. त्या बिचारीला काय माहीत, तिनं कुठला शब्द वापरला ते.

तिचं म्हणणं एवढंच होतं की नाटकातली कुठली गाणी त्यांची आहेत, ती यादी करून त्यांनी खाली सही करावी. तिच्या घरातले लोक विरोधात होते, थिएटरला लेखी काहीतरी हवं होतं. ती एक गाणं गुणगुणली, तिसऱ्या अंकातलं, आणि विचारलं, "हे तुमचं ना?" त्यांनी सावकाश मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "आत्ता नको. आधी वकिलाला दाखवू."

ते उठले, तिच्या हाताचं जुन्या पद्धतीनं चुंबन घेतलं आणि निघून गेले. ती दोन दिवस मोटेलमध्ये थांबली, रोज सकाळी त्यांच्या दारावर टकटक करायची. दार उघडलं नाही. जाताना ती मला भेटायला आली.

"मी माझ्याच आजोबांविरुद्धचे कागद घेऊन आले होते," ती म्हणाली. "यापायी माझी आई माझ्याशी बोलत नाही. तुम्हाला काय वाटलं, मी काय न्यायला आले होते?"

मी म्हणाले, तसं काही नाही. ती गेल्यावर नवऱ्याला म्हणाले, "आईचं ते जरा पाठ केल्यासारखं वाटलं, नाही?"

"मग? उगाच कोण येतं एवढ्या लांब," तो म्हणाला. वकील बघतो, असंही म्हणाला. मग दिवाळी आली, ख्रिसमस आला, त्याच्या कंपनीत माणसं कमी करायला लागले. वकील राहिला तो राहिलाच.

फेब्रुवारीत आजोबांना अर्धांगाचा झटका आला. त्यांच्या दाराखालून पाणी येताना मला दिसलं, मीच अँब्युलन्सला फोन केला. उजवा हात कायमचा गेला. जीभ जड झाली. त्यांना नर्सिंग होममध्ये ठेवलं. मी एक दिवसाआड जायचे. तिथल्या नर्सला ते आपलं पाणी आधी प्यायला लावत, आणि ती पीतही असे, गुणी मुलगी होती.

मार्चमधली एक दुपार. खिडकीबाहेरचा बर्फ काळा पडून वितळत होता. त्यांनी डाव्या हातानं मला जवळ बोलावलं. शब्द एकेक करून येत होते.

"ती मुलगी," ते म्हणाले, "खरी होती."

"कशावरून?"

"तिसऱ्या अंकातलं गाणं. त्यात एक सूर मी लिहिला तसा कधीच कुणी गायला नाही. कठीण जातो म्हणून थिएटरनं पहिल्या आठवड्यातच बदलला. रेकॉर्डवर बदललेलाच आहे. तिनं माझा म्हटला. तो फक्त माझ्या कागदावर होता."

म्हणजे पेटी खरी, कागद खरे, आणि हेही खरे. चार वर्षं मनात ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर आमच्याच बैठकीत, माझ्यासमोर, गुणगुणून दाखवलं गेलं होतं. मला तो सूर नवा वाटला नव्हता, कारण भिंतीतून मी तोच ऐकत आले होते.

"तुम्हाला तिथेच कळलं होतं?" मी विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"मग सही का नाही केलीत?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात राग नव्हता, उलट मी असं विचारतेय याचं नवल होतं.

"तुम्ही नको म्हणालात," ते म्हणाले.

मी काहीतरी बोलले असेन. काय ते आठवत नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले होते एवढं आठवतं, नवऱ्याचे दोन फोन येऊन गेले तरी.

घरी येऊन मी त्याच दिवशी नातीला फोन लावला. तिनं ऐकून घेतलं. मला तिनं एका शब्दानं दोष दिला नाही, तेही मला सोसलं नाही. ती म्हणाली, लगेच निघते, डाव्या हाताचा अंगठा चालेल का थिएटरला विचारते. तिचं तिकीट एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचं होतं. आजोबा मार्चच्या शेवटी गेले.

सरगमीच्या सहा वह्या होत्या. स्टाफ नोटेशनचं, म्हणजे त्यांच्याकडच्या पाच रेघांच्या स्वरलिपीचं, एकही पान उरलं नव्हतं. मी लायब्ररीत येणाऱ्या एका पियानोच्या शिक्षिकेला धरलं. मी सरगम वाचून गायचे, ती लिहायची. सात महिने लागले. घ दिसला की तो ध आहे, हे तिला समजावण्याची गरज नव्हती, पण मीच दर वेळी थांबायचे. तयार झालेलं सगळं, सोबत मी काय ऐकलं, कधी ऐकलं, कुणाच्या तोंडून, हे नोटरीसमोर शपथेवर लिहून, आम्ही ऑस्ट्रियाला पाठवलं. नातीचं उत्तर आलं की पेटीतल्या कागदांशी ते सुरासुरानं जुळतं. पण मेलेल्या माणसाची सही कुठून आणणार? कंडक्टरच्या घरच्यांनी हट्ट सोडला नाही. शेवटी तडजोड झाली. संगीत म्हणून दोन नावं. कंडक्टरचं आधी, यांचं नंतर.

२००८ च्या वसंतात माझ्या नावानं एक जाड पाकीट आलं. मी ते उजेडात धरून बघितलं, मग उघडलं. आत थिएटरचा छापील कार्यक्रम होता. दुसरं नाव जरा लहान अक्षरांत होतं. बराच वेळ मी ते हातात घेऊन बसले, आणि मग मला वाटलं, हे काय, कुणीही छापून पाठवेल. कागदाच्या मागे थिएटरचा नंबर होता. तिथे दुपार असेल असा हिशेब करून मी फोन लावला.

तिकीट खिडकीवरची बाई होती. इंग्रजी बेताचं. मी विचारलं, असं नाटक खरंच आहे का? आहे म्हणाली, शनिवारपासून. पोस्टरवर संगीताला कुणाची नावं आहेत, ते बघून सांगाल का? तिनं पहिलं वाचलं.

"आणि दुसरं?"

तिनं दुसरं वाचलं. मी पुन्हा म्हणायला सांगितलं. तिनं पुन्हा म्हटलं, सावकाश, तिच्या गावातल्या एखाद्या ओळखीच्या नावासारखं, सहज. मला वाटलं ती वेगळंच कुणाचं तरी नाव वाचते आहे, म्हणून मी अक्षरं विचारली. अक्षरं तीच होती. पाच वर्षं मी त्यांना चुकीच्या उच्चारानं हाक मारत आले होते, आणि प्रत्येक हाकेला त्यांनी ओ दिली होती.